पाचवीचा कागद

मोरू, चांदणी चिकटवायची तर चिकटव बाबा माझ्या ओसरीत. खळ कमी पडली तर आत भांड्यात आहे. पण चांदणीच्या आत दिवा ठेवून बघू नकोस. बंगल्यावर नेऊन द्यायची आहे ना उद्या? मग तिथंच काय तो उजेड पडू दे. नाताळच्या चांदणीत दिवा लागलेला माझ्या दारात मला चालत नाही.

हसा, हसा. जाळातून पोपटीचं मडकं निघून वालाच्या शेंगा हातात पडायला अजून अर्धा तास आहे, तोवर हसून घ्या. मास्तर म्हातारा झाला, सटकला, असंच ना? सांगतो का ते. पण मध्ये कुणी बोलायचं नाही. छत्तीस वर्षं 'गप्प बसा, गप्प बसा' करण्यात गेली माझी, आता तेवढाही दम उरलेला नाही.

कोंडाजीला तुम्ही ओळखता. ओढ्यावरच्या साकवापलीकडच्या वाडीतला, तो खोकणारा म्हातारा. तुम्ही त्याला असाच बघितलाय, पण बावीस वर्षं तो त्या बंगल्याचा राखणदार होता. तेव्हा बंगला आत्ताच्या लोकांचा नव्हता. वांद्र्याच्या रोझाबायचा होता. ख्रिस्ती बाई, एकटी, ठेंगणी, हातात काठी. मराठी आपल्यासारखंच बोलायची, पण लिहायची इंग्रजी अक्षरांत. आणि लिहायची म्हणजे किती! सकाळी उठायच्या आत चिठ्ठी. वर नाव, 'कोंडाजी', खाली हुकूम, आणि वेळेखाली दोन रेघा. शाई जांभळी. कोंडाजीला अक्षरओळख नाही, तेव्हा तो चिठ्ठी घेऊन यायचा माझ्याकडे. 'वाचा मास्तर, काय फर्मान हाय.' फर्मान काय असणार? चहा सहाला. उशीर नको. बावीस वर्षं सहाला चहा देणाऱ्या माणसाला रोज लेखी कळवायची ती. वाईट नव्हती हो बाई. पण दुसऱ्यालाही दमायला होतं हे तिच्या गावीच नव्हतं.

नाताळला तर विचारू नका. चोवीस तारखेला रात्री बारा वाजता ती चालत रस्त्यावरच्या क्रुसापर्यंत जायची, मेणबत्ती लावायला. पुढं कोंडाजी, बांबूला चांदणी टांगून, आत दिवा. मागं रोझाबाय काठी टेकत. आणि सारखं, 'सावकाश रे कोंडाजी, माझे पाय बघ.' आता पुढं चालणाऱ्यानं मागचीचे पाय कसे बघायचे? पण तो कानानं बघायचा. काठीचा आवाज लांबला की चाल कमी करायचा. बावीस वर्षांत एकदाही मागं वळून बघितलं नाही त्यानं. गरजच पडली नाही.

अशाच एका नाताळला त्याची पहिली मुलगी पाचव्या दिवसाची होती. पाचवीची रात्र. सटवाई येते, कपाळावर लिहून जाते, तेव्हा घरात कुणीतरी जागं हवं. त्यानं रजा मागितली. बाय म्हणाली, उद्या जा. हा चांदणी धरून क्रुसाकडे गेला, आणि घरी बायको सोनाबाई, बाळंतीण, दमलेली, तिचा डोळा लागला. पहाटे पोर थंडगार. उद्याला गेला तो, मातीलाच गेला.

तर ऐका आता. साल छप्पन्न. श्रावणात रोझाबाय वांद्र्याला वारली. तिच्या मुलाचं पत्र आलं, मीच वाचून दाखवलं. कोंडाजी इथं, ह्याच पायरीवर बसला होता. आधी म्हणाला, 'सुटलो बाबा.' मग ढसाढसा रडला. मग म्हणाला, 'मातीला बी न्हाय बोलावलं.'

डिसेंबरात दुसरं पत्र आलं. बंगला विकायचा आहे, पंचवीस तारखेला सकाळी गिऱ्हाईक बघायला येईल, घर साफ ठेव, चांदणी लाव, म्हणजे बरं दिसेल. आणि त्याच आठवड्यात, गुरुवारी, कोंडाजीच्या सुनेला, काशीला, मुलगी झाली. काशीला आई नव्हती, म्हणून बाळंतपण इथंच, वाडीत. गुरुवारची पोर, म्हणजे पाचवी आली सोमवारी. चोवीस तारखेला.

त्या रात्री साडेनऊला तो माझ्या दारात. वद्य सप्तमी, चंद्र उगवायला मध्यरात्र. किट्ट अंधार. ह्याच्या हातात बांबू, बांबूला चांदणी, पेटलेली.

'मास्तर, एक कोरा कागद द्या. पाचवीला ठेवायचा हाय सटवाईसाठी. रातभर जागणार, पहाटं परत येणार बंगल्यावर.'

मी शाळेच्या वहीतलं पान फाडून दिलं. डाव्या बाजूला तांबडी रेघ असलेलं. आणि म्हटलं, 'अरे, चांदणी कशाला नेतोस? कंदील नाही का?'

'कंदील, बॅटरी, समदं कपाटात. चावी बायच्या पोराकडं मुंबईला. ही तेवढी भायेर टांगलेली व्हती. आन् ही वाऱ्यानं इझत न्हाय. पोरीजवळ रातभर जळंल.' मग जरा थांबला. 'मास्तर, सटवाईला सांगणार हाय मी. हिच्या कपाळी चाकरी नको लिवू. शाळा लिव.'

मला बरं वाटलं ऐकून. मी म्हटलं, जा. मीच म्हटलं, जा.

पुढचं मला त्यानं सांगितलं ते दुसऱ्या दिवशी पहाटे. मी माझ्या पदरचं एक अक्षर घालत नाही.

क्रुसाशी आला. दरवर्षी तिथं थांबायचं, बाय मेणबत्ती लावायची, मग परत फिरायचं. ह्या वर्षी थांबायचं कारण नव्हतं. तो तसाच पुढं गेला. वाडीची वाट धरली. दोन्ही बाजूंना वालाची शेतं, दव पडलेलं. कुत्रं नाही, माणूस नाही.

आणि मागून... टक.

त्याला वाटलं, बांबूच कुठं आपटला.

टक.

जरा थांबून... टक.

'मास्तर,' तो मला म्हणाला, 'मी पळाया पायजे व्हतो. पन मी काय केलं ठावं हाय? मी चाल कमी केली.'

हसू नका रे. बावीस वर्षं. पायांना काय कळतंय बाई मेली म्हणून? काठीचा आवाज लांबला, पाय आपोआप मंदावले. आवाज जवळ आला. मग कळलं त्याला, आपण काय करतोय. पण तोवर उशीर झाला होता. आता भराभर चालावं, तर बायला राग येईल. हे त्याच्या मनात आलं, बघा. भुताला राग येईल असं नाही. बायला.

साकवाशी आला. तिथला एक दगड तुम्हाला ठाऊक आहे, हलतो. आणि ह्याच्या तोंडून निघून गेलं. नेहमीच्या आवाजात.

'बाय, हितं दगड हाय. जपून.'

...

टक. दगडावर.

टक. साकवावर.

टक. पलीकडं.

भूत पाणी ओलांडत नाही म्हणतात. म्हणजे पाण्याशी जी अडली असती, तिला ह्यानंच हात दिला. वाडीपर्यंत घेऊन गेला. मनात एकच, मेल्यावर तरी रजा दे की गं बाई. मागं वळला नाही. वळून बघायची हिंमत नव्हती, असं तो म्हणतो. मला वाटतं, सवय नव्हती.

अंगणात पाय टाकला आणि आवाज थांबला. अंगण नुकतंच सारवलेलं, ओलं. त्यावर काठी वाजतच नाही. हे त्याला तेव्हा सुचलं नाही. त्याला वाटलं, गेली. हुश्श केलं. चांदणी वळचणीला टांगली, आत गेला. सोनाबाईनं पाटा मांडून पूजा केली होती. पाट्यापाशी हळद-कुंकू, पेन्सिलीचा तुकडा. त्यानं माझा कागद तिथं ठेवला. पोरीला बघितलं, मुठी आवळून झोपलेली. हात जोडून सटवाईला सांगितलं, शाळा लिव. मग भिंतीला पाठ टेकून बसला. सोनाबाईला म्हणाला, तू पड, मी हाय.

एक वाजला असेल. दोन.

बावीस वर्षांत पहिल्यांदा घरच्या भिंतीला पाठ टेकली होती त्यानं.

डोळा लागला.

...

उठला तेव्हा थंडी वाजत होती. दार उघडं. वळचणीची चांदणी विझलेली. तेल अर्ध्याच्या वर होतं, वारा नव्हता. तो पोरीवर झेपावलाच. पोर गरम. श्वास चालू. उलट हसत होती झोपेत. सोनाबाई घोरत होती, काशी घोरत होती. मग त्याचं लक्ष गेलं पाट्याकडं.

कागद कोरा नव्हता.

साडेपाचला दार वाजवलं माझं. धापा टाकत होता, पण तोंडावर आनंद. सगळं सांगितलं, आणि वर म्हणतो कसा, 'बाय आली आसंल नसंल, पोर वाचली मास्तर! आन् सटवाईनं लिवलंय. खरंच लिवलंय. कुणाला दिसत न्हाय म्हनत्यात, मला दिसलं. वाचा.'

मी चष्मा लावला. चुलीपुढं कागद धरला. माझंच पान, डाव्या बाजूला तांबडी रेघ. आणि अक्षरं जांभळी. त्या घरात शाई नाही, दौत नाही, होता तो पेन्सिलीचा तुकडा.

मी बावीस वर्षं ते अक्षर वाचलं होतं रे.

वर नाव. पण कोंडाजी नव्हे. दुसरंच. बाईमाणसाचं. खाली, चहा सहाला. उशीर नको. सहाखाली दोन रेघा.

कोंडाजी माझ्या तोंडाकडं बघत होता. 'शाळा हाय का?'

मी काय सांगायला हवं होतं? सांगा तुम्हीच. मी म्हटलं, 'सटवाईचं अक्षर माणसाला वाचता येत नाही कोंडाजी. पण चांगलं दिसतंय. राहू दे माझ्याकडं, जपून ठेवतो.' तो पाया पडला माझ्या. पाया पडला! आणि लगबगीनं बंगल्यावर गेला, गिऱ्हाईक यायचं होतं ना. सहा वाजत आले होते.

मी स्वतःची समजूत घातली. नाव पोरीचं थोडंच आहे? पोरीला अजून नावच नाही. सोनाबाईच्या मनात अनुसूया ठेवायचं होतं, मला ठाऊक होतं. बाराव्या दिवशी बारशाला मी मुद्दाम गेलो. पाळण्याशी गोविंद घ्या, गोपाळ घ्या झालं. पोरीची आत्या वाकली, कानात कुर्र केलं, आणि नाव घेतलं ते भलतंच. सोनाबाई म्हणाली, अगं, अनुसूया ठरलं होतं ना? आत्या म्हणाली, 'कोन जाणं आये, त्वांडात ह्येच आलं.'

कमळ.

घुगऱ्या हातात तशाच राहिल्या माझ्या.

हा बघा कागद. घ्या, वाचा, इंग्रजी शिकलात ना? बंगला विकला गेला, कोंडाजीची चाकरी सुटली, पोर माझ्याच शाळेत शिकली. चौथीत पहिली आली. कोंडाजी अजून भेटला की विचारतो, मास्तर, सटवाईनं चांगलं लिवलंय ना? मी म्हणतो, होय रे बाबा, चांगलं. दहा वर्षं म्हणतोय. खोटं बोलून बोलून माणूस जेवढा दमतो ना, तेवढा शेतात राबून दमत नाही.

काय रे मोरू? असा काय बघतोस? मध्ये बोलू नको म्हटलं म्हणून गप्प होतास? बोल आता.

कमळला काय?

...बंगल्यावर? नव्या बाईंनी बोलावलंय? शाळेला नाताळची सुट्टी आहे म्हणून, चार दिवस, वरच्या कामाला. उद्यापासून. आणि कोंडाजी हो म्हणाला. म्हणणारच. त्याच्या औषधाला होतील. त्याला नको म्हणून कोण सांगणार? सांगणारा एकच होता, तो इथं पोपटीची वाट बघत बसलाय.

किती वाजता बोलावलंय तिला?

...

बोल की मेल्या.

...

हं.

तो कागद दे इकडे. आणि माझी काठी दे, ती, खांबाला टेकलेली. नको, तुम्ही कुणी येऊ नका सोबत. चांदणी तर नकोच नको, साकवापर्यंतची वाट मला अंधारात येते. आत्ताच्या आत्ता सगळं सांगतो कोंडाजीला. शिव्या देईल, देऊ दे.

आणि मागून कुणी काठी टेकत आलं ना, तर माझ्यानं काही पळवत नाही. पण चाल कमी करणार नाही मी.