सुरुवातीच्या मागे

फुकटच्या वस्तूला तक्रारी जास्त, हे मला आता पाठ झालं आहे. प्रोग्राम नेमका कुठे चुकतो ते शोधणारा एक डीबगर मी आणि माझ्या धाकट्या भावाने मिळून लिहिला. प्रोग्राम चालत असताना हा डीबगर त्याचं रेकॉर्डिंग करतो, आणि मग चूक सापडेपर्यंत ते एकेक पाऊल उलटं नेता येतं. कोणीही घ्यावा, कोणीही वापरावा, पैसे नाहीत. धाकटा गेल्यापासून सांभाळायला मी एकटी. दिवसभर ऑफिस, आणि घरी आल्यावर या लष्कराच्या भाकऱ्या.

तक्रार करणाऱ्यांतल्या एकाला मी फिर्यादी म्हणते. कुठल्या तरी लांबच्या देशात असतो. त्याचं तोंड कधी पाहिलं नाही, पण सूर ओळखते. या खेपेला त्याचं म्हणणं असं, की चाचणीसाठी आम्ही डीबगरसोबत देतो ते नमुन्याचं रेकॉर्डिंग सुरुवातीच्याही मागे जातं आणि तिथे दरवेळी वेगळंच काही दिसतं. मी कळवलं, शक्य नाही. रेकॉर्डिंग शंभरदा चालवलं तरी तेच दिसणार, आणि सुरुवातीच्या आधीचं त्यात काही नसतंच. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? तक्रार बंद केली. त्याने पुन्हा उघडली. मी पुन्हा बंद केली. मग त्याने पडद्याचा फोटो पाठवला आणि सोबत तयार दुरुस्तीही: नमुनाच काढून टाका, तुम्ही फक्त होकार द्या. ही कुठली लिपी आहे ते मला कळत नाही, असं खाली लिहिलं होतं.

मला कळलं. मराठी होतं. फोटो हललेला होता, पण पहिला शब्द वाचता येत होता. 'ताई.'

तो नमुना धाकट्याने केलेला. शेवटच्या दुपारी, त्याच्या भाड्याच्या खोलीत बसून. निरोप लिहायच्या एका साध्या प्रोग्रामचं रेकॉर्डिंग. ते मला पाठवून तो मोटरसायकलवरून माझ्याकडेच यायला निघाला आणि पोचला नाही. एक ओळ लिहायची तर दोन-तीनदा खोडल्याशिवाय त्याला जमायचं नाही, आणि त्यावरून मी त्याची भरपूर टिंगल करायची.

शनिवारची दुपार होती. आई मावशीकडे राहायला गेली होती, घरात मी एकटी. खाली रस्त्यावर कोणीतरी गाडी धूत होतं. मी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडला, तो फिर्यादीला खोटं पाडायच्या इराद्यानेच. नमुना उलटा नेत सुरुवातीला आणला. इथे डीबगरने 'यामागे काही नाही' असं सांगून थांबायला हवं. ती सूचना मी स्वतः लिहिली आहे. मी मागे जायची कळ दाबली.

तो मागे गेला.

उलटं जाताना खोडलेली अक्षरं परत उमटतात. ती भराभर उमटली, एकदाही न अडखळता. 'ताई, दार उघडं ठेव. आलोच.'

मी रडले. मग रडल्याचा राग आला, आणि तो राग डीबगरवर काढायला म्हणून रेकॉर्डिंगची फाइल पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत तपासली. ते वाक्य त्यात कुठेच नव्हतं. माझ्याच हत्याराने माझ्याच हातावर तुरी दिल्या होत्या. शेवटी मी फिर्यादीला लिहिलं, "दुरुस्ती नाकारली. नमुना राहील." कारण दिलं नाही. माझ्या भावाचे एवढेच शब्द उरले होते, ते एका परक्या माणसाच्या सोयीसाठी मी पुसणार नव्हते.

मग उठले, पॅसेजमध्ये जाऊन दार सताड उघडलं. वेडेपणा होता, कळत होतं मला. तरी उघडलं आणि परत टेबलाशी येऊन बसले. तिथून दार दिसत नाही.

ते वाक्य आणखी एकदा वाचायचं होतं, बस.

नमुना पुन्हा सुरुवातीला आणला. कळ दाबली.

या वेळी अक्षरं हळू आली. मध्येच थांबली. एक शब्द आला, गेला, पुन्हा आला. एवढं अडखळत आमच्या घरात एकच माणूस लिहायचा.

'ताई, दार लाव. मघाचं मी लिहिलेलं नाही.'

गाडी धुण्याचा आवाज ऐकू येत नव्हता. केव्हापासून, ते सांगता येणार नाही.

मी पॅसेजमध्ये गेले.

दार लावलेलं होतं. कडी आतून घातलेली होती.