मागून आलेली झील

ही गोष्ट खरी आहे. पटत नसेल तर वाचू नका, मी कोणाच्या पाया पडणार नाही.

साल १९८६. गौरी-गणपतीचे दिवस, देवरूखजवळचं आमचं गाव, देवळाचा सभामंडप. वेळ दुपारी तीनची. भुतं रात्रीच येतात हे मला सांगू नका.

माझे मामा, काशीराम शाहीर, वीस वर्षं मुंबईत मंडळांना गाणी लिहून देत होते. बँजो, माईक, सगळा थाट. त्या वर्षी सगळं सोडून आले. म्हणाले, "आता डफ आनि मी. जुन्या चालीवर, एकटाच गानार."

गाव बिथरलं.

शाहिराची ओळ मागचा गडी उचलतो, ती झील. मुंबईला जाण्याआधी मामांची झील भागोजी धरायचा. त्याला जाऊन सात वर्षं झाली होती. जोडीदार गेला की त्याच्या जागी दुसरा बसवायचा, मगच डफाला हात लावायचा, ही आमच्याकडची रीत. आणि गाणं अर्ध्यावर टाकून डफ खाली ठेवला, तर तो जन्मात परत उचलायचा नाही.

"भागोजीच्या जाग्यावर कोन बसनार नाय," मामा म्हणाले आणि सुरू झाले.

पहिली ओळ संपली...

मागून झील आली.

मागे फक्त भिंत होती.

दुसरी ओळ... परत झील. भरदार, मोकळा आवाज. बायका पोरांना घेऊन उठल्या. पुरुषही सटकले.

मामांनी तिसऱ्या ओळीसाठी तोंड उघडलं, आणि...

ती ओळ मागून आधीच आली.

गाणं मामांनी त्याच सकाळी लिहिलं होतं. कागद माझ्याकडे होता. दुसऱ्या कोणी तो पाहिलाही नव्हता.

डफ थांबला. मामांचा हात खाली येऊ लागला. मला वाटलं, संपलं, हा माणूस आता पुन्हा गाणार नाही.

मामा वळले नाहीत. "भागोज्या," ते म्हणाले, "झील मागनं धरायची. फुडं मी हाय."

आणि कागदावर नसलेली ओळ त्यांनी तिथल्या तिथे जोडून गायली.

मागे शांतता...

मग तीच ओळ आली. नीट, मागून.

मामांनी गाणं शेवटापर्यंत नेलं. मगच डफ ठेवला.

मंडपात आम्ही दोघंच उरलो होतो, आणि खांबाला टेकलेली भागोजीची बायको, सोनूबाई.

"जायच्या आदी वरीसभर त्यांचा आवाज बसलेला," ती म्हणाली. "आज मोकळा व्हता. उद्या गानार काय, शाहीर?"

"गानार."

दुसऱ्या दिवशी ती सगळ्यांच्या पुढे बसली म्हणे. मामा त्यानंतर अकरा वर्षं एकटेच गायले, आणि तीही तितकी वर्षं बसली. मी एकदाही गेले नाही. मला अजून भीती वाटते, आणि त्या भीतीची लाजही वाटते.