बारावरून आठ, तरी आजोबा उदास

श्वासमापकावर शून्य आलं होतं. मग आजोबांच्या मुठीत विडी कशी?

हे कोडं शाल्मलीला पडलं तेव्हा मिरजेत २०६१ सालातली थंडी सुरू झाली होती. तिचे आजोबा सतारी करायचे. भोपळ्याला दांडी सरसाने (लाकूड जोडायचा चिकट पदार्थ) जोडायची आणि तो वाळेपर्यंत तिला हात लावायचा नाही, हा त्यांचा नियम. चाळीस वर्षं त्या रिकाम्या वेळात आजोबा आणि त्यांचे जोडीदार इस्माईलचाचा ओट्यावर बसून विडी ओढत. पण डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, "फुप्फुसं थकलीत. नातीला मोठं झालेलं बघायचंय ना? मग विडी सोडा." सोळा दिवस आजोबांनी विडीला शिवलंही नव्हतं.

"ओढली न्हाई गं अजून," आजोबा ओशाळून म्हणाले. "नुसती धरलीय."

शाल्मलीला रडूच आलं. ती तडक मापट्याकडे गेली. मापट्या म्हणजे आरोग्य केंद्राने दिलेला गुडघ्याएवढा यंत्रमानव. आजोबांवर लक्ष ठेवणं हे त्याचं काम.

"मापट्या, शून्य आलं म्हणालास ना? मग आजोबांना विडी का हवीय?"

"श्वासमापक कार्बन मोनॉक्साइड (धुरातला विषारी वायू) मोजतो. तो एक-दोन दिवसांत जातो. निकोटीनही (तंबाखूतला चटक लावणारा पदार्थ) थोड्या दिवसांत शरीराबाहेर पडतं. पण विडी सोडण्याचा त्रास त्यानंतरही उरतो, आणि तो फुंकून कळत नाही."

"मग कसा कळतो?"

"विचारून. ताप थर्मामीटर सांगतो, पण पोट किती दुखतंय ते तुलाच विचारावं लागतं ना? मी आजोबांना रोज चार प्रश्न विचारतो. अंगाला त्रास होतो का? चिडचिड होते का? हात सवयीने खिशाकडे जातो का? एकटं वाटतं का? मुळीच नाही तर शून्य, फारच असेल तर चार. प्रश्न रोज तेच. ते बदलले तर कालचा दिवस आजच्याशी ताडून कसा बघणार?"

"बेरीज किती?"

"पहिल्या दिवशी बारा, आज आठ. त्रास कमी झाला म्हणून मी खूश होतो. पण बेरीज मोडून बघ."

भिंतीवर आकडे उमटले. पहिला दिवस: अंग चार, चिडचिड चार, सवय चार, एकटेपणा शून्य. आज: एक, एक, दोन आणि चार.

शेवटच्या चारकडे बघताना शाल्मलीचे कान लाल झाले. आजोबांनी विडी सोडल्याच्या दुसऱ्याच दिवशी तिने कोपऱ्यावर इस्माईलचाचांना गाठलं होतं. "चाचा, तुमच्या खिशात विड्या असतात. आजोबांचं सुटेपर्यंत येऊ नका." चाचांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि ते आल्या पावली परतले. भलं करायला गेली होती बिचारी.

तिने सगळं आजोबांना सांगून टाकलं.

"म्या विडी सोडली म्हणून त्यो रुसला, असं वाटलं मला," आजोबा म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते हसतही होते. "सरस वाळंपतुर एकट्यानं बसवंना गं." त्यांनी विडी चुरगळून टाकली.

शाल्मली धावतच चाचांच्या घरी गेली. चाचा विड्यांचं बंडल घरी ठेवून आले. ओट्यावर बसल्या बसल्या त्यांनी आजोबांनी जोडलेल्या सतारीत खोट काढली आणि दोघं तासभर भांडले. आजोबा इतके खुशीत तिने कितीतरी दिवसांत पाहिले नव्हते. दुसऱ्या दिवशी एकटेपणाच्या प्रश्नाला त्यांनी एक सांगितलं. खिशाकडे हात मात्र अजून जात होता. मापट्या म्हणाला, "त्याला वेळ लागेल. पण कुठे मदत हवी ते आता कळतंय."

आठवड्याने चाचा आले ते थेट मापट्यासमोर बसले. सकाळपासून त्यांनी विडी ओढली नव्हती.

"ते चार प्रश्न मलाबी इचार."

"अंगाला त्रास?"

"चार."

"चिडचिड?"

"चार. लवकर इचार की!"

"सवय?"

"चार."

"एकटं वाटतं?"

चाचांनी शेजारी बसलेल्या आजोबांकडे पाहिलं.

"तिथं शून्य लिव्ह," ते म्हणाले.