पट्टी

अमरावतीत मूत्ररोगतज्ज्ञ म्हणून ओळख करून दिली की समोरचा एक तर खाली बघतो, नाही तर स्वतःच्या लघवीची कहाणी सुरू करतो. डॉक्टर माधवीला याची सवय झाली होती. तिला त्रास व्हायचा तो माजी सैनिकांचा. त्यांच्या जांघेतल्या जखमांवर ती संशोधन करत होती. सुरुंगाचा स्फोट पायाखालून वर येतो आणि मांड्यांच्या मध्ये जे सापडेल ते फाडतो. पण हात गमावलेला जवान हात दाखवतो, ही जखम कुणी दाखवत नाही. पेशंट मिळवता मिळवता तिच्या नाकी नऊ यायचे.

भातकुलीकडचा माजी जवान श्रावण तायडे लंगडत आत आला. दार लावून घेतलं आणि सरळ, ताठ चालत खुर्चीत येऊन बसला.

"गावात सारे इचारतेत, कुठी लागलं? काय सांगू मॅडम? म्हनलं, पायाले."

मग गावाने त्या पायासाठी दर पंधरा ऑगस्टला शाल-नारळ दिला. बायकोलाही त्याने पायच सांगितला होता. पाय दुखतो म्हणून तो सहा वर्षं बाहेरच्या खोलीत खाटेवर झोपत होता आणि रोज आतून कडी लावून, नळी घालून लघवी काढत होता. एक वृषण गेलेलं, मूत्रमार्ग आवळलेला. पाय माधवीने नीट तपासला. दणकट पाय, साधा ओरखडाही नाही.

"रश्मीले वाटते, मले ती नकोशी झाली. दिवाळीले अकोल्याले माहेरी गेली तं वापस येनार नाही म्हनते. तुमी दुरुस्त करा, मंग मी तिले सारं सांगतो."

"आधीच सांगून टाका."

तो उठला आणि दार उघडून लंगडत बाहेर गेला.

गालाच्या आतली कातडी घेऊन तिने मूत्रमार्ग नवा केला. ऑपरेशन सुरेख झालं. बायकोला त्याने पायाचं ऑपरेशन म्हणून सांगितलं. माधवीला ते अजिबात पटलं नाही, पण पेशंटचं गुपित फोडायचं कसं?

पुढच्या खेपेला दार लागलं तरी लंगडणं थांबलं नाही.

"आता नाटक पुरे हं," ती वैतागली.

"खरंच दुखून राहिलं मॅडम."

त्याने पँट वर केली. नडगीवर वीतभर व्रण होता. ताजा असता तर मारहाण समजून तिने पोलिसांना फोन केला असता. हा जुना, पांढरा पडलेला होता. एक्स-रेत लोखंडाचा तुकडा दिसला आणि हाड त्याच्याभोवती वाढलेलं होतं. असं व्हायला वर्षं लागतात, आणि हाच पाय तिने मागे धडधाकट पाहिला होता. माधवी घाबरली.

"बायकोला आत बोलवा. आत्ताच्या आत्ता सांगा."

बाहेर बाकावर बसलेली रश्मी आत आली. श्रावणने मान खाली घालून सगळं सांगितलं, नळीसुद्धा. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि माधवीकडे वळली.

"हे असं काहून बोलून राहिले मॅडम? सहा वर्सं पायाची पट्टी मीच तं करतो."

"कोनती पट्टी?" श्रावणचा आवाज चिरकला.

तिने पिशवीतून पट्टी काढली. धुऊन धुऊन पिवळी पडली होती. खाली बसून, पायाकडे न बघता, ती बोलत बोलत गुंडाळू लागली.

"रातचं कन्हतेत ना. मी खाटेजवळच झोपतो, खाली."

"तू माहेरी जानार होती."

"मी? माहेरी काहून जाऊ?"

ती त्याच्याकडे इतक्या मायेने बघत होती, की त्याने पाय तसाच तिच्या हाती राहू दिला.

माधवीने त्याला पडद्याआड नेलं. टाक्यांची जागा शोधली. नुसती कातडी. गेलेलं वृषण जागच्या जागी होतं. गालाच्या आत बोट फिरवलं. तिथेही काही नव्हतं.



श्रावणने तिचं मनगट घट्ट धरलं.

"आता फक्त तुमालेच ठाऊक आहे. तुमी तं इसरनार नाही ना?"

"नाही," ती म्हणाली. अगदी मनापासून म्हणाली.

तिने हात धुतले. टेबलाशी येऊन बसली. श्रावण लंगडत आला, रश्मीच्या खांद्याचा आधार घेऊन समोर बसला.

माधवीने चष्मा पुसला.

"बोला," ती म्हणाली, "पायाला कधी लागलं?"