पितळेचा चोर

सोनवडीच्या किल्ल्याखालचे पठार हिवाळ्यात पहाटेच्या धुक्यात पार बुडून जाई, आणि सूर्य पूर्वेच्या बुरुजावर आला की त्या धुक्यातून सर्वांत आधी डोके वर काढीत ते तारायंत्राचे खांब. कंपनी सरकारने ते रोवले तेव्हा गावकऱ्यांनी नारळ फोडले होते, किल्लेदाराने नाक मुरडले होते, आणि संस्थानाने तहातल्या कलमाला मान तुकवून आपल्या हद्दीतल्या तारेच्या राखणीचा भार पत्करला होता. म्हणजे तार साहेबाची, खांब साहेबाचे, आणि त्यांच्यापायी थंडीत कुडकुडायचे सोनवडीच्या शिलेदारांनी. तारेचा एक तुकडा संपून दुसरा सुरू होई तिथे पितळेचा एक चाप बसवलेला असे. दोन लहानशा पट्ट्या, मधे खोबण, खोबणीत दोन्ही तारांची टोके आणि वरून आवळलेले दोन मळसूत्री खिळे, एवढाच त्याचा थाट. पण सोनवडीवर काळ आला तेव्हा तट, बुरूज आणि तोफा नुसत्या बघत राहिल्या, आणि राज्याच्या वारसाचा जीव त्या चापात येऊन अडकला.

महाराज निवर्तून वर्ष होत आले होते. अंबिकाबाई राणीसाहेबांनी घेतलेले बाळराजांचे दत्तक सरकारने नामंजूर केले, संस्थान खालसा झाल्याचा हुकूम घेऊन एजंटसाहेब थोड्या स्वारांनिशी पायथ्याशी येऊन उतरला, आणि राणीसाहेबांनी दुसऱ्या दिवशी दोन प्रहरी बाळराजांसह गड उतरून स्वाधीन व्हावे असा निरोप त्याने वर धाडला. स्वाधीन झालेली राजमुले पुढे कुठे जातात हे दख्खनेत एव्हाना सर्वांना कळून चुकले होते. त्या सायंकाळी राणीसाहेबांनी दिवाण नारोपंतांना आणि निवडक मानकऱ्यांना खलबतखान्यात बोलावले, आणि मधोमध चांदीच्या तबकात एक विडा ठेवला.

"आम्ही उद्या पहाटे मागल्या दिंडीदरवाजाने बाळराजांस घेऊन घाट चढणार," पडद्याआडून राणीसाहेब म्हणाल्या. "पलीकडे रामपूरकर आम्हांस आसरा देतील. त्यासाठी एक कामगिरी जोखमीची आहे. ज्याच्या अंगी हिंमत असेल त्याने विडा उचलावा."

कामगिरी कोणती, हे विचारण्याची रीत नव्हती. विडा आधी उचलायचा आणि हुकूम मागून ऐकायचा, यातच मर्दुमकी मानणारी ती माणसे होती, आणि या रीतीने किती शहाणी घराणी धुळीला मिळाली याचा हिशेब कोणी ठेवला नाही. सरदार सुभानराव पुढे झाला. भरदार छातीचा, दाट मिशांचा, दरबारात उठून दिसणारा पुरुष. घोड्यावर तो शूर होता यात शंका नाही. घाटाच्या तोंडाशी उभे राहून पाठलागावर तुटून पडायचे, अशी कामगिरी त्याच्या मनाने परस्पर ठरवूनही टाकली होती. त्याने मुजरा करून विडा उचलला तेव्हा मानकऱ्यांनी माना डोलावल्या.

मग नारोपंतांनी खुलासा केला. साहेबाजवळचे स्वार थोडे, ते घाटात पाठलाग करू धजणार नाहीत. पण गड रिकामा झाल्याचे कळताच तो तारेने घाटापलीकडच्या छावणीला कळवील, तिथला रिसाला खिंड रोखील, आणि सारे संपेल. म्हणून दिवस मावळेतो तार मुकी राहिली पाहिजे.

"तोडून टाकतो," सुभानराव म्हणाला.

"तोडलेली तार लोंबताना दुरून दिसते, सरदार. साहेबाचे तारवाले थैलीत चाप घेऊनच फिरतात, घटकाभरात जोडतील. तार अंगाने धड दिसावी आणि आतून मेलेली असावी. चाप उघडून एका टोकाला मेणकापड गुंडाळावे आणि खिळे पुन्हा आवळून ठेवावे, म्हणजे खालून कोणाला काही उमजणार नाही. आपले मेहुणे तारेच्या चौकीचे जमादार आहेत, त्यांस सोबत न्यावे."

सुभानरावाच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. तलवार गाजवण्यासाठी विडा उचलला, आणि हाती काय आले तर खांबावर चढून खिळे पिळणे. पण उचललेला विडा तबकात परत ठेवता येत नाही.

मेहुणा जोत्याजी त्याच्या बायकोचा, गोजराबाईचा, धाकटा भाऊ. हडकुळा, हसरा, दाजी म्हणजे देव अशी श्रद्धा बाळगणारा. धुके दाट असतानाच दोघे पठारावर ओढ्याजवळच्या खांबाशी आले. वर गडाच्या मागल्या अंगाने राणीसाहेबांची माणसे उतरू लागली असतील, हे दोघांनाही ठाऊक होते. सुभानरावाने खांबाकडे पाहिले, मग पायथ्याशी पडलेल्या साहेबाच्या छावणीच्या दिशेला पाहिले. खांबावर चढलेल्या माणसाला ढाल नाही, घोडा नाही, पळायला वाट नाही. खालून कोणीही बंदुकीने टिपावा. लढाईत कधी न भेटलेली भीती त्याला त्या ओंडक्यापाशी भेटली, आणि तिला त्याने चटकन मानापानाचा अंगरखा चढवला.

"सरदारानं खांबावर चढायचं, जोत्याजी? कुणी बघितलं तर काय म्हणंल?"

जोत्याजीने दाजींच्या तोंडाकडे एकवार पाहिले. त्याला कळले. कळूनही त्याने ते दिसू दिले नाही, ही त्याची पहिली शर्थ.

"तुमी कशाला चढताय, दाजी? तुमी खाली ऱ्हावा आन् कानोसा घ्या. ह्ये आमचं रोजचंच काम हाय."

तो सरसर वर गेला. खिळे ढिले केले, तारेचे टोक खोबणीतून सोडवले, मेणकापडात लपेटून पुन्हा बसवले आणि खिळे आवळले. खालून पाहिले तर सारे होते तसे. जगात कोणाच्याही लक्षात येऊ नये असे नीटस काम करून तो उतरला आणि धोतर झटकून हसला.

नौबतीची वेळ टळली तरी गडावरून नेहमीची पहाटेची नौबत झडली नाही, आणि छावणीत गडबड उडाली. साहेबाने तार देऊन पाहिली, ती जाईना. थोड्या वेळाने धुके विरू लागले तेव्हा ओढ्यापलीकडे चार-दोन स्वार आणि त्यांच्यासोबत शिडी घेतलेले तारवाले दिसले. प्रत्येक खांबाशी ते थांबत होते आणि शिडी लावून एकेक चाप उघडून पाहत होते. या चालीने ते सूर्य वर येण्याआधीच ओढ्यापाशी पोहोचणार आणि मेणकापड त्यांच्या हाती लागणार, हे उघड होते. राणीसाहेब त्या वेळी घाटाच्या पहिल्या वळणालाही लागल्या नव्हत्या.

दोघे करवंदीच्या जाळीत दडले. सुभानरावाचा हात तलवारीच्या मुठीवर गेला आणि तिथेच राहिला.

"दाजी, हितनं हलू नका," जोत्याजी कुजबुजला. "त्यास्नी मोडल्याली जागाच पायजे न्हवं? मी दुसरी दावतो."

"आरं पर तुला धरतील."

"धरूंद्यात. तुमी गावलासा तर समदं आईसायबांच्या नावावर जाईल. मला कोण मोजतंय? आयेला म्हनावं..." एवढे बोलून तो थांबला. पुढे काय म्हणावे ते त्याला सुचले नसावे. मग तो वाकून पळत सुटला, तो स्वार येत होते त्याच दिशेला.

त्यांच्या अलीकडच्या एका खांबावर तो डोळ्यांदेखत चढला, चाप उघडून तार खाली सोडून दिली, आणि पितळेच्या पट्ट्या कमरेला खोचीत असतानाच स्वारांनी त्याला पाय धरून खाली ओढले. सुभानरावाला जाळीतून सारे दिसत होते आणि ऐकूही येत होते.

"कोणाचा माणूस तू? कोणी पाठवले?" स्वारांच्या दफेदाराने विचारले.

"कुनी न्हाई जी. पितळ काढत हुतो. ओताऱ्याला इकावं म्हटलं."

"चोर आहेस?"

"व्हय जी. चोर हाय."

ज्या घराण्यात चोरी हा शब्द उच्चारताना बायका तोंडावर पदर धरीत, त्या घराण्यातल्या पोराने तो स्वतःच्या तोंडाने स्वतःला लावून घेतला, आणि असा लावला की ऐकणाऱ्याला तिळमात्र संशय येऊ नये. त्यासाठी त्याने हात जोडले, गयावया केली, एका स्वाराच्या पायांवर लोळणही घेतली. रणात मरणारे पुष्कळ पाहिले आहेत. त्यांच्यामागे पोवाडे होतात, वंशजांना इनामे मिळतात. आपल्या पाठी आपले नाव कोणी आदराने घेणार नाही हे जाणून मरायला जे लागते, ते सोनवडीच्या साऱ्या मानकऱ्यांत मिळून त्या दिवशी नव्हते. जाळीत बसलेल्यात तर नव्हतेच. हलू नका, असे जोत्याजी सांगून गेला होता खरा. पण त्याने सांगितले नसते तरी सुभानराव हलला नसता, आणि हे सुभानरावाला तिथेच, काट्यांत बसल्या बसल्या, ठाऊक झाले.

दोष सापडला असे मानून तारवाल्यांनी नवा चाप बसवला आणि चोराला घोड्यामागे बांधून सारे छावणीत परतले. तार तरीही बोलेना. आधी नव्या चापाचीच तपासणी, मग पुन्हा पहिल्या खांबापासून शोध, पुन्हा शिडी. ओढ्याजवळचे मेणकापड त्यांच्या हाती आले तेव्हा उन्हे कलली होती, आणि राणीसाहेब बाळराजांसह रामपूरच्या हद्दीत पोहोचल्या होत्या. पितळचोर त्याआधीच, दोन प्रहरी, साहेबाच्या हुकमाने गावाच्या वेशीवरल्या चिंचेला लटकला होता. मेणकापड मिळाल्यावर साहेबाला काय वाटले असेल ते असो. ज्याला विचारायचे त्याला तो आधीच फाशी देऊन बसला होता. सरकारी पितळ चोरणाऱ्याची अशी गत होईल, अशी दवंडी त्याने गावोगाव पिटवली.

पुढे रामपुरात बोलणी सुरू झाली. राणीसाहेबांनी सरकारविरुद्ध काही आगळीक केलेली नसेल, तर बाळराजांचा वारसाहक्क मान्य करून सालीना तैनात बांधून देऊ, असे साहेबाकडून सूचित झाले. त्याच सुमारास सुभानराव एकदा खलबतात उभा राहिला. किती रात्री मनाशी घोकून आला होता कोण जाणे.

"आईसाहेब, अर्ज आहे. त्या दिवशी खांबावर चढला तो..."

"सरदार," नारोपंत मधेच म्हणाले, "खांबावर कोण चढले हे या दरबारास ठाऊक नाही, आणि ठाऊक असता कामा नये. तो मनुष्य दरबारच्या हुकमाने चढला होता असे एकदा उच्चारले, की तार आपण मोडली असे होते, आणि बाळराजांचा हक्क गेला. चोर होता, चोरासारखा मेला. आपण कामगिरी फत्ते केली, एवढेच आम्ही जाणतो."

पडद्याआडून राणीसाहेबांचा आवाज आला, फार हळू. "दिवाणजी म्हणतात तसेच होऊ दे, सुभानराव. आम्हांस इलाज नाही."

सुभानरावाने मुजरा केला. आणि बाहेर येताना त्याला कसे वाटले हे सांगितलेच पाहिजे: त्याला हायसे वाटले. आपण जाळीत बसून राहिलो, हे आता कधीच कोणाला सांगावे लागणार नव्हते. राज्यकारणाने त्याच्या भित्रेपणावर मोहोर उठवून दिली होती. ओसरीवर येईपर्यंत त्या हायसे वाटण्याची त्याला इतकी लाज वाटली की तो खांबाला टेकून उभा राहिला आणि चोपदाराने पाणी आणून दिले.

पाडव्याच्या दरबारात, साहेबाचा वकील समोर बसलेला असताना, एकनिष्ठ सेवेबद्दल सरदार सुभानरावांस मानाचा पोशाख आणि शिरपेच मिळाला, आणि त्याच बैठकीत जोत्याजीचे नाव चौकीच्या जमादारीतून चोरीच्या कारणाने कमी केल्याचे वाचून दाखवण्यात आले. दोन्ही गोष्टी एका दमात झाल्या. सुभानरावाने मान लवून शिरपेच बांधून घेतला.

रामपुरातल्या बिऱ्हाडी गोजराबाईने त्याला ओवाळले. भावाबद्दल तिने कधी एक शब्द काढला नव्हता. हळदीकुंकवाला जाणे मात्र तिने सोडले होते, आणि पाणवठ्यावर ती सर्वांच्या मागून जाई. ओवाळून झाल्यावर ती म्हणाली, "आय आलीया. तुमास्नी भेटायचं म्हनती. मागल्या दारानं आली."

सासूबाई, चिमाऊ, सोनवडीहून चालत आली होती. आजवर जावयाच्या दारी पाऊल न टाकलेली, ताठ कण्याची म्हातारी. ती माजघराच्या उंबऱ्याबाहेरच थांबली, आत ये म्हटले तरी येईना. पोशाखातल्या जावयाकडे तिने डोळे भरून पाहिले आणि हात जोडले.

"जावयबापू, माझ्या पोरानं तुमच्या नावाला काळिमा लावला. कुठं चुकलं मला कळंना. आमच्यात असं कुनी न्हवतं. सोयऱ्याधायऱ्यांत तुमची मान खाली गिली आसंल. पदर पसरते, त्याला मापी करा. तुमी मापी केली तर त्याचा जीव सुटंल."

तिने खरोखरच खाली बसून पदर पसरला. गोजराबाई भिंतीकडे तोंड करून उभी होती. सुभानरावाचे ओठ हलले. बाहेर अंगणात मानकरी मुजऱ्याला येऊन थांबले होते, साहेबाचा वकीलही त्यांत होता. एक वाक्य बोलायचा अवकाश, बाळराजांचा हक्क गेला असता. हे खरे होते. आणि हे खरे असल्याचा त्याला त्या क्षणी आधार वाटला, हेही खरे होते.

"उठा, आत्याबाई," तो म्हणाला. "जाऊंद्या आता. मी मनात काय ठेवलं न्हाई. माफ केलं त्याला."

म्हातारीने डोळे पुसले, कानशिलांवर बोटे मोडून त्याची दृष्ट काढली, आणि असा मोठ्या मनाचा जावई जन्मोजन्मी मिळो असे म्हणून आल्या वाटेने, मागल्या दाराने, निघून गेली.