कोमट रांजण

"आज तिसऱ्या प्रहरी, असरच्या नमाजानंतर पंच बसतील, बाई. आणि मला गावाबाहेर काढतील," बशंदी म्हणाला.

त्याने बसवलेला सौरपंपाचा इन्व्हर्टर आठ दिवसांपूर्वी भरदुपारी जळाला होता. गावाची एकच विहीर. लसूणघास वाळून पिवळा पडला होता.

विदादने असियूत शहरात पंचवीस वर्षं असल्या पेट्या दुरुस्त केल्या होत्या. आता त्या का जळल्या याचा ती खासगी तपास करत असे. तिचा ड्रायव्हर शाकिर गाडीतून उतरला तो थेट खजुराच्या झावळीवर. हात टेकताना बोटात काटा मोडला.

पंपघरात इन्व्हर्टरची पेटी भिंतीवर होती. पॅनेलमधून एकाच दिशेने येणारी वीज मोटरला चालेल अशी बदलून देणं, हे या पेटीचं काम. ती खालून काळी पडली होती, जिथे वायरी आत शिरतात तिथे. वरून खाली पांढरे ओघळ आले होते. विदादने बोट लावून जिभेवर टेकवलं.

"खारट," ती एवढंच म्हणाली. मग तिने पंख्याच्या जाळीतून दोन तपकिरी धागे चिमटीने काढले.

दाराशी राखणदार दुसूकीचाचा घडी केलेल्या गोणपाटावर बसला होता. "आण इकडे बोट," तो शाकिरला म्हणाला आणि सुईने एका झटक्यात काटा काढला. केसाएवढा काटा.

शाकिर चाचाच्या रांजणातलं पाणी प्यायला आणि त्याने तोंड वाकडं केलं. "चाचा, हे पाणी आहे की चहाचं आधण?"

"उन्हाळा आहे, बाळा."

"आमच्याकडे रांजण उन्हाळ्यातच गार असतात."

चाचाने सुई पगडीत खोचली.

डिझेलवाला हिल्मी आला तो तणतणतच. "मशीन जळली की हिल्मी! का, तर मी डिझेल विकतो. माझा स्वतःचा घास वाळलाय, तो पण मीच जाळला का?"

"पंपघराच्या किल्ल्या किती?" विदादने विचारलं.

"दोन. एक चाचाकडे, एक या दीडशहाण्या बशंदीकडे. मला कोण देतंय!"

तेवढ्यात गावचे प्रमुख शेख रिदवान आले. सगळे उठून उभे राहिले. दुसूकीचाचा बसूनच राहिला.

"गुडघे धरलेत, शेखसाहेब."

"राहू दे, राहू दे. बाई, बशंदीने हलका माल घातला, गाव असंच म्हणतं."

"मी चाचांना कागद लिहून दिला होता," बशंदी म्हणाला. "काय करायचं, काय नाही, सगळं."

"दिला होता. मी वाचला," चाचा म्हणाला आणि खिशातून कागद काढला.

"जरा वाचून दाखवता?"

"चष्मा घरी राहिला."

विदादने मान हलवली. पेटीतले साठवलेले आकडे तिने आपल्या लॅपटॉपवर उतरवले. पेटीची उष्णता रोज सकाळी साठ आणि दुपारी सत्तर अंश. शेवटचे तीन दिवस मात्र सकाळी पन्नास आणि दुपारी नव्वद.

"थंडी वाजून ताप!" शाकिर म्हणाला.

"अगदी बरोबर बोललास. फक्त का, ते तुला कळलं नाही."

असरनंतर पंच पंपघरासमोरच बसले. बशंदी खाली मान घालून उभा होता.

"मालात खोट नाही," विदाद म्हणाली. "माल हलका असता तर उष्णता रोज चढती राहिली असती. पण पेटी जळण्याआधीचे तीन दिवस ती सकाळची उतरली. म्हणजे कोणी तरी पेटीवर ओलं गोणपाट घातलं. रांजणावर घालतो तसं. ओलं होतं तोवर पेटी गार राहिली. दुपारी ते वाळलं आणि वारा अडला. त्याचे धागे पंख्यात अडकले. मग पुन्हा पाणी शिंपडलं गेलं. विहिरीचं खारं पाणी ओघळत वायरींपर्यंत गेलं आणि ठिणगी पडली."

"जाळायचंच होतं कोणाला!" एक पंच ओरडला.

"नाही. जाळणारा स्वतःच्या रांजणाचं गोणपाट काढून कोमट पाणी पीत बसत नाही. पेटी तापू नये म्हणून त्याने ते केलं."

"आणि कागद?" शेखांनी विचारलं. "त्यात लिहिलं नव्हतं का?"

विदादने लॅपटॉप मिटला. केसाएवढा काटा दिसणाऱ्या डोळ्यांना चष्मा कशाला लागतो, हे तिला आता बोलायचं नव्हतं.

दुसूकीचाचा उठला. गुडघ्यांना काही झालं नव्हतं. खालच्या गोणपाटाच्या घडीवर तळहाताएवढा जळका डाग होता.

"मला अक्षर येत नाही," तो म्हणाला. "साठ वर्षं चष्मा घरी विसरतोय मी. धूर निघाला तेव्हाच समजलं की माझ्या हातून झालं. पण पोरावर आळ आला, आणि मी यावर बसून राहिलो. आठ दिवस."

कोणी कोणाकडे पाहीना. हिल्मीनेही मान वळवली.

"चूक माझी आहे, चाचा," बशंदी पुटपुटला. "वाचून दाखवायला हवं होतं. तुम्हाला कमीपणा वाटेल म्हणून नुसता कागद हातात दिला."

चाचाने कागद पुढे केला. "आता वाच. मोठ्याने. ऐकू दे सगळ्यांना."

बशंदी वाचू लागला. "पेटीवर काही झाकू नये. पाणी लावू नये. जाळी फडक्याने पुसावी." शेवटच्या ओळीपाशी तो थांबला.

"पुढे?"

"काही कळलं नाही तर लाजू नका, चाचा. मला हाक मारा."

दुसूकीचाचाने कागद परत घेतला, त्याची नीट घडी केली आणि तो त्याच खिशात ठेवला. मग पगडीचा सोगा त्याने तोंडावर ओढून घेतला.