मागच्या सीटवरचा होकार

दीक्षाचा आवाज लहानपणापासून बारीक. घरात चार माणसं बोलायला लागली की तिचं बोलणं कुणाच्या कानापर्यंत पोचतच नसे. तरी २००९ साली कोल्हापूरच्या शाहूपुरीतल्या एका छोट्या कंपनीत गाडीला वाट सांगणाऱ्या यंत्रासाठी मराठी आवाज हवा होता, तेव्हा तिनं स्वतःचाच दिला. ध्वनीचं काम तिच्याकडंच होतं, आणि बाहेरची बाई बोलवायला मालक तयार नव्हते.

खरी अडचण गाडीत होती. ऑफिसात स्वच्छ ऐकू येणारं ‘डावीकडे वळा’ डिझेल जीपमध्ये नुसतं गुरगुरल्यासारखं व्हायचं. आवाज वाढवला की कान किटायचे, पण डावं-उजवं कळायचं नाही. म्हणून मार्चभर ती चन्नाप्पाच्या जीपमधून गगनबावड्याच्या रस्त्यानं जा-ये करत होती. चन्नाप्पा कागलकडचा, पन्नाशीचा. त्याची जीप पूर्वी वडापला, गावोगावचे प्रवासी भाड्यानं न्यायला, होती. दहाच्या जागेत अठरा माणसं कोंबून धावायची. आता पुढं यंत्र वाट सांगे आणि मागच्या रिकाम्या सीटवर दीक्षाचा माइक बांधलेला असे. बाहेर उसाच्या ट्रॉल्या, त्यांच्यावर लावलेली गाणी, खाली इंजिनाची घरघर. परतल्यावर ती सगळं कॉम्प्युटरवर घेई, घरघर छाटी आणि आपल्या शब्दांतल्या ‘ड’ला, ‘ज’ला धार आणी.

अशीच एकदा घरघर छाटताना तिला ते ऐकू आलं.

‘पुढे उजवीकडे वळा,’ तिचा आवाज म्हणाला. आणि माइकच्या अगदी जवळून कुणीतरी म्हणालं, ‘व्हय.’

“चन्नाप्पा, रेकॉर्डिंग चालू असताना बोलत जाऊ नका,” दुसऱ्या दिवशी ती म्हणाली.

“मी कुठं बोलतोय, अक्का? तोंडात तंबाखू असतीया की.”

ते खरंच होतं. तिनं वायरी बदलल्या, माइक बदलला, जुन्या टेपचा काही अंश राहिलाय का तेही पाहिलं. घरघर जितकी कमी करावी, तितका तो होकार स्पष्ट होत गेला. म्हाताऱ्या पुरुषाचा, दमलेला, समजूतदार आवाज. प्रत्येक सूचनेनंतर एकदाच. खरं तर भीती वाटायला हवी होती. पण आपलं बोलणं कुणीतरी इतकं मन लावून ऐकतंय, याचंच तिला जास्त नवल वाटलं. काम करता करता ती त्या होकाराची वाट बघू लागली.

फक्त गाडी गगनबावड्याहून कोल्हापूरकडं फिरायची, तेव्हा तो बदलायचा. ‘मागे वळा,’ असं यंत्र म्हणालं की उत्तर येई, ‘न्हाय.’

शेवटी एका दुपारी तिनं यंत्र बंद केलं, माइक चालूच ठेवला आणि चालत्या जीपमध्ये, मान न वळवता, स्वतःच विचारलं, “बाबा, तुम्हाला कुठं उतरायचंय?”

चन्नाप्पानं तिच्याकडं एकदा पाहिलं. 

संध्याकाळी ऑफिसात तिनं तेवढाच तुकडा लावला. थोडा वेळ नुसती घरघर. मग, ‘साळवणच्या म्होरं. वडाखाली.’

तिनं चन्नाप्पाला वर बोलावून ऐकवलं. तो बाहेर जाऊन तंबाखू थुंकून आला आणि त्यानं पुन्हा लावायला सांगितलं.

“तिथला वड रस्ता रुंद करताना पाडलाय, अक्का,” तो हळूच म्हणाला. “म्हाताऱ्याला खूण कशी घावायची?”

दुसऱ्या दिवशी ते साळवण सोडून पुढं गेले. ऊन रणरणत होतं. रस्त्याच्या कडेला वडाचा बुंधा तेवढा उरला होता, त्याच्यावर मुंग्यांची रांग. चन्नाप्पानं गाडी कडेला घेऊन इंजिन बंद केलं.

“वडाची जागा आली, बाबा,” दीक्षा म्हणाली. कधी नव्हे एवढ्या मोठ्यानं.

काही झालं नाही.

मग जीपची मागची बाजू किंचित वर आली. माणूस उतरल्यावर स्प्रिंगचे पाटे सैल होतात, तेवढीच.

चन्नाप्पानं स्टिअरिंगला हात लावून तो कपाळाला टेकवला आणि गाडी फिरवली.

येताना दीक्षाला मोकळं वाटत होतं, थोडं एकटंही. रस्ता सपाट होता, तरी इंजिन वडापच्या दिवसांसारखं ओझं ओढत होतं. चन्नाप्पानं तिसरा गिअर टाकला. मग दुसरा.

कळे गावच्या स्टॉपवर एका बाईनं हात केला. डोक्यावर गाठोडं होतं. चन्नाप्पाचा पाय सवयीनं ब्रेकवर गेला.

बाई मागच्या दाराशी गेली. वाकून आत पाहिलं. मग दीक्षाच्या खिडकीशी आली.

“भरलीया की गाडी. ऱ्हाऊ दे, म्हागनं येते मी.”

ती जायला वळली आणि पुन्हा थांबली.

“तेवढं त्या लेकराला तरी पुढं घ्या की, बाई. चेपलंय बिचारं.”

चन्नाप्पा समोरच बघत राहिला.

दीक्षानं मागं न पाहता दोघांच्या मधली बॅग उचलली आणि मांडीवर घेतली.